दहा रोग्यांची नोंद



कामगार चळवळीत आम्ही एक धडा लवकर शिकलो. जो अपघात वहीत चढला नाही, तो भरपाई मागायला गेल्यावर घडलेलाच नसतो. म्हणून आज एका मोजणीचा इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहो. तो ब्रिटनमधला आहे.

क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा रोग फार विरळा. १९२०-२१ मध्ये दोघा जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. दहा लाख लोकांमागे वर्षाला एखाददुसऱ्यालाच तो होतो, आणि तोही बहुधा उतारवयात. स्मृती जाते, तोल जातो. रोगी बहुधा वर्षाच्या आत दगावतो. औषध नाही.

१९८६ मध्ये तेथील गाईंत त्याच जातीचा रोग आढळला. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी गाईंना खुराकातून चारली जात होती. १९८८ मध्ये ती बंद झाली. पण माणसांनी खाल्लेल्या मांसाचे काय? सरकारी समितीने १९८९ मध्ये सांगितले की, माणसाला धोका फारसा संभवत नाही. तरीही लक्ष ठेवा. त्याप्रमाणे मे १९९० मध्ये एडिंबरो येथे डॉ. रॉबर्ट विल यांच्या हाताखाली नोंदणी सुरू झाली. त्याच महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चिमुरड्या मुलीपुढे गोमांसाचा बर्गर धरला!

नोंदणीची रीत साधी, पण चिकाटीची. देशभरच्या मेंदूतज्ज्ञांनी संशयित रोगी कळवायचा; एडिंबरोच्या डॉक्टरने त्याच्याकडे जायचे, नातेवाइकांना आहार, धंदा, शस्त्रक्रिया विचारायच्या. मृत्यूनंतर शक्य तेथे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा.

१९९६ च्या आरंभी दहा रोगी वेगळे दिसले. नुसती बेरीज पाहिली असती तर ते तीत बुडून जाते, कारण वर्षाचा आकडा थोडा वरखाली होतच असतो. पण हे सारे बेचाळिशीच्या आतले होते, आणि मेंदूत फुलासारखे डाग होते. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना पार्लमेंटात गाईंच्या रोगाशी त्यांचा संबंध संभवतो हे सांगावे लागले.

पुढे २००० साली या नव्या प्रकाराने २८ माणसे दगावली. मग आकडा उतरला. ब्रिटनमध्ये एकूण १७८ बळी गेले.

नोंदीने त्या दहांना वाचवले नाही. पण वही सहा वर्षे आधी उघडली होती, म्हणून मंत्र्यांच्या आश्वासनापुढे ठेवायला काहीतरी होते. आपल्या गावात अशी वही कोण ठेवतो, एवढे आपण घरी जाताना स्वतःला विचारावे.