परिवीक्षा (नोकरीतील)

परिवीक्षा : नोकरीवर नेमलेल्या व्यक्तीचे काम, वर्तणूक आणि पात्रता पारखून तिला कायम करायचे की नाही, हे ठरविण्यासाठी नियमाने किंवा कराराने राखून ठेवलेली मुदत. बोलण्यात ‘प्रोबेशन’ हाच शब्द रूढ आहे आणि कायम होण्याला ‘पर्मनंट होणे’ म्हणतात. गुन्हेगाराला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्यालाही परिवीक्षा म्हणतात (गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८); त्या अर्थाचा येथे विचार केलेला नाही.

परिवीक्षेबद्दलचे बहुतेक वाद मुदत किती, यावरून होत नाहीत. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कर्मचारी कोण ठरतो, हे आदेशात स्पष्ट लिहिलेले नसते, म्हणून ते होतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत खाजगी अनुदानित व विनाअनुदानित शाळा, महाविद्यालये, खाजगी शिकवण्या, साखर कारखाने, डाळमिल व तेलगिरण्या ही पगारी नोकरीची मोठी ठिकाणे आहेत. यांतील प्रत्येक ठिकाणी परिवीक्षेचा कायदा वेगळा असल्याने एकाच शब्दाचा अर्थ नोकरीगणिक बदलतो.

संज्ञांतील भेद : परिवीक्षाधीन कर्मचारी हा कायम पदावर, कायम करण्याच्या उद्देशाने नेमलेला असतो. तात्पुरता कर्मचारी ठरावीक मुदतीसाठी किंवा कोणाच्या रजेच्या काळासाठी असतो. हंगामी कामगार गाळप हंगामासारख्या ठरावीक काळापुरता, शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणासाठी, तर ‘तासिका तत्त्वावरील’ अध्यापक घेतलेल्या तासांच्या हिशोबाने असतो. यांपैकी परिवीक्षाधीनालाच कायम होण्याची कायदेशीर अपेक्षा बाळगता येते. पद कायम असणे आणि नेमणूक कायम होण्याजोगी असणे, या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कलमाची रचना : खाजगी नियुक्तिपत्रांत परिवीक्षेचे कलम सर्वसाधारणपणे असे असते : ‘नेमणूक प्रथम सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर राहील. व्यवस्थापनास आवश्यक वाटल्यास ही मुदत वाढविता येईल. लेखी आदेशाने कायम केल्याशिवाय कर्मचारी कायम समजला जाणार नाही.’ तीन वाक्यांचे हे कलम साधे दिसते, पण पेच त्यातच आहे. ‘प्रथम’ या शब्दाने पुढे आणखी मुदत असू शकते असे सुचते. ‘वाढविता येईल’ म्हटले आहे; पण किती वेळा, जास्तीत जास्त किती आणि मूळ मुदत संपण्याआधी की नंतर, हे लिहिलेले नाही. तिसऱ्या वाक्यामुळे मालकाचे मौन म्हणजे संमती, हा अर्थ काढता येत नाही. अशा पत्रावर वर्ष-दोन वर्षे काम करणारा माणूस स्वतःला पर्मनंट समजतो, पण कागदावर तो प्रोबेशनवरच राहतो.

न्यायालयांनी अशा कलमांचे तीन प्रकार पाडले आहेत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयासंबंधीच्या एका प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते एकत्र मांडले. (१) मुदत वाढविण्याचा अधिकार आहे, पण कमाल मर्यादा नाही : अशा वेळी मुदत उलटूनही काम चालू राहिले, तर कर्मचारी आपोआप कायम होत नाही. (२) कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि तिच्यापुढेही कर्मचाऱ्याला कामावर ठेवले आहे : तो कायम झाला असे मानले जाते. पंजाबातील शिक्षण सेवेच्या प्रकरणात १९६८ साली हे तत्त्व ठरले. (३) कमाल मर्यादा आहे, पण कायम होण्यासाठी परीक्षा उत्तीर्ण होणे किंवा स्वतंत्र आदेश निघणे अशी अट आहे : ती अट पुरी होईपर्यंत कायमपणा मिळत नाही. आपले पत्र यांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे ओळखले की निम्मी संदिग्धता दूर होते. वर दिलेले कलम पहिल्या प्रकारचे आहे आणि त्यातले तिसरे वाक्य ते आणखी घट्ट करते.

खाजगी शाळा : महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा या क्षेत्रातील मुख्य कायदा आहे. त्याच्या कलम ५(२) प्रमाणे कायम रिक्त पदावर नेमलेल्या कर्मचाऱ्याची परिवीक्षा दोन वर्षांची असते आणि ती पूर्ण होताच तो कायम झाल्याचे मानले जाते. त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही. शिक्षण सेवकांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. त्या काळात वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिक स्तरावर दरमहा १६,०००, माध्यमिक स्तरावर १८,००० आणि उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये करण्यात आले.

काम किंवा वर्तणूक समाधानकारक नसेल, तर कलम ५(३) खाली एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन परिवीक्षेच्या काळातच सेवा संपविता येते. सेवा संपविल्यानंतर वर्षभराच्या आत त्याच संस्थेने त्याच किंवा आपल्या दुसऱ्या शाळेत पुन्हा नेमले, तर आधीची परिवीक्षा हिशोबात धरावी लागते (कलम ५(४)). १९८१ च्या नियमावलीतील नियम १५ प्रमाणे मुख्याध्यापकाने परिवीक्षाधीनाच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायची असते. व्यवस्थापनाने ५(३) चा अधिकार वापरताना हे मूल्यमापन विचारात घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. ‘काम समाधानकारक नाही’ एवढे एक वाक्य आणि मागे एकही नोंद नाही, अशी समाप्ती त्यामुळे कच्ची ठरते.

इतका स्पष्ट कायदा असूनही वाद होतात, कारण आदेशात ‘परिवीक्षा’ हा शब्दच नसतो. ‘आपली नेमणूक निव्वळ तात्पुरती असून अमुक तारखेस आपली सेवा कोणत्याही नोटिशीशिवाय संपुष्टात येईल’ असे त्यात लिहिलेले असते. जूनमध्ये ‘ऑर्डर’, मे महिन्यात समाप्ती, पुन्हा जूनमध्ये नवी ऑर्डर, असा क्रम वर्षानुवर्षे चालतो. पद कायम रिक्त आहे, म्हणून दोन वर्षांनी आपण कायम झालो, अशी शिक्षकाची समजूत असते. हिंदुस्थान एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ही समजूत मान्य केली नाही. कायम पदावर पण ठरावीक मुदतीसाठी तात्पुरती नेमणूक केली असेल, तर ती परिवीक्षेवरची नेमणूक होत नाही आणि ५(२) चा लाभही मिळत नाही, असा निर्णय झाला. पुढे २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही, कायम पदावरील प्रत्येक नेमणूक परिवीक्षेवरच केली पाहिजे असे बंधन व्यवस्थापनावर नाही, असे ठरविले. म्हणून शाळेच्या ऑर्डरमध्ये पदाच्या वर्णनापेक्षा नेमणुकीच्या स्वरूपाचे वाक्य अधिक महत्त्वाचे ठरते.

राखीव पदांचा क्रम ठरविणाऱ्या बिंदुनामावलीमुळे आणखी एक गुंता होतो. राखीव पदासाठी त्या प्रवर्गातील उमेदवार न मिळाल्यास दुसऱ्या उमेदवाराला वर्षावर्षापुरते नेमता येते. अशी नेमणूक कितीही वेळा पुढे चालविली, तरी तिची परिवीक्षा होत नाही. शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता, म्हणजे बोलीतले ‘अप्रूव्हल’, हाही गैरसमजाचा विषय आहे. मान्यतेचा संबंध अनुदानातून मिळणाऱ्या वेतनाशी आहे. ती नाही एवढ्यावरून संस्था आणि शिक्षक यांच्यातली नेमणूक रद्दबातल ठरत नाही, असे उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सेंट उलई हायस्कूल प्रकरणात सांगितले आहे. नोकरी आहे, पण अनुदानातून पगार नाही, अशी स्थिती कायद्याच्या दृष्टीने त्यामुळेच शक्य होते.

महाविद्यालये : नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी (स्थापना १९९४) संलग्न आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे अध्यापकाची परिवीक्षा एक वर्षाची असते आणि काम असमाधानकारक असल्यास आणखी जास्तीत जास्त एक वर्ष वाढविता येते. वाढीचा आदेश पहिले वर्ष संपण्याआधी काढावा लागतो. परिवीक्षा पूर्ण झाल्यापासून ४५ दिवसांत कायम केल्याचा आदेश देणे संस्थेवर बंधनकारक आहे. संदिग्धतेला वाव न ठेवणाऱ्या कलमाचा हा चांगला नमुना होय. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना मात्र ही तरतूद लागू होत नाही.

कारखाने व खाजगी आस्थापना : औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालील आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातील सेवाशर्तींच्या लेखी नियमांत), कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि तीन महिन्यांची सेवा पूर्ण न झालेला कामगार, अशी परिवीक्षाधीनाची व्याख्या होती. स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्यात लावावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि स्थायी आदेशांचे प्रकरण ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाले. लहान डाळमिल, शोरूम, खाजगी रुग्णालय किंवा शिकवणीवर्ग या मर्यादेच्या खाली राहतो आणि तिथे नियुक्तिपत्रातील शब्दांनाच वजन येते. प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मात्र नव्या संहितांनी बंधनकारक केले आहे. कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता म्हणून राबविणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित श्रमप्रथा प्रतिबंध अधिनियमाने अनुचित प्रथा ठरविली आहे.

सेवासमाप्ती : परिवीक्षाधीनाला काढताना सविस्तर चौकशी करावी लागत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे, पण त्याला मर्यादा आहे. कामाची अपुरी गुणवत्ता हे कारण असेल, तर ती साधी समाप्ती होय. चोरी, गैरवर्तन, अफरातफर असा ठपका ठेवून काढले, तर ती शिक्षा होते आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आदेशाचे शब्द सौम्य असले, तरी त्यामागचा खरा हेतू न्यायालय तपासू शकते. सरकारी सेवेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७४ साली हे तत्त्व पक्के केले.

परिवीक्षेतील हक्क : परिवीक्षाधीन हा पहिल्या दिवसापासून कर्मचारीच असतो. किमान वेतन त्याला लागू असते. भविष्यनिर्वाह निधीची योजना लागू असलेल्या आस्थापनेत पात्र कर्मचाऱ्याची वर्गणी रुजू झाल्या दिवसापासून भरावी लागते. ‘पीएफ पर्मनंट झाल्यावर’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. पुढे उपदान (ग्रॅच्युइटी) मोजताना परिवीक्षेचा काळ सेवेत धरला जातो. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा ‘बाँड’ सरसकट बेकायदेशीर नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली तशी अट वैध मानली. तरीही भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळू शकते.

संदिग्ध कलमाचा अर्थ : प्रथम त्या नोकरीला लागू असलेला कायदा पाहायचा; कायद्याने दिलेला हक्क कराराने काढून घेता येत नाही. कायदा गप्प असेल, तर पत्र, सेवानियम आणि पुढचे आदेश एकत्र वाचायचे. तरीही दोन अर्थ निघत असतील, तर मसुदा ज्याने केला त्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घेण्याकडे कल असतो. व्यवहारात पाच गोष्टी पत्रात शोधाव्यात : परिवीक्षा सुरू होण्याची व संपण्याची तारीख, वाढीची कमाल मर्यादा, मूल्यमापन कोण व केव्हा करणार, कायम करण्यासाठी लेखी आदेश लागतो का, आणि परिवीक्षेत दोन्ही बाजूंनी नोटिशीची मुदत किती. यांतील जे सापडत नाही, ते रुजू होण्याआधी लेखी विचारून उत्तर जपून ठेवणे हिताचे असते. मुदत संपण्याच्या सुमारास कायम करण्याविषयी अर्ज देऊन त्याची पोच घेतल्यास पुढच्या वादात तारखा सिद्ध करणे सोपे जाते.

दाद : कामगारांना कामगार आयुक्तांचे स्थानिक कार्यालय व कामगार न्यायालय, महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण, तर खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना शाळा न्यायाधिकरण हे मार्ग आहेत. नांदेड-लातूर भागासाठीचे शाळा न्यायाधिकरण लातूर येथे आहे. सेवासमाप्तीविरुद्धचे अपील १९७७ च्या अधिनियमातील कलम ९ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत दाखल करावे लागते.