धनुष्य, वेळूचे (गोंदिया परिसर)

धनुष्य, वेळूचे : पूर्व विदर्भातील वनप्रदेशात शिकारीसाठी व शेतराखणीसाठी वापरले गेलेले पारंपरिक धनुष्य. याची काठी वेळूची असते आणि पुष्कळदा दोरीही वेळूचीच. वैनगंगेच्या पूर्वेकडील सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगाव या वनव्याप्त तालुक्यांत गोंडांची वस्ती जुनी आहे. हे तालुके पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते; १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाल्यावर ते त्यात आले. येथील पानझडी जंगलात सागाबरोबर वेळूची बेटे विपुल आहेत. तेव्हा धनुष्यासाठी लाकूड कोणते, हा प्रश्न येथे वनानेच सोडविला होता.

हे साधन वाटते त्याहून प्राचीन आहे. इ. स. पू. ४८० मध्ये ग्रीसवर चालून गेलेल्या इराणी सैन्यातील हिंदी तुकडीजवळ पोकळ काठीची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे तसलेच बाण होते, असे हीरॉडोटस सांगतो; ती वेळूची असावीत, असे सामान्यतः मानले जाते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या आयुधागाराविषयीच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड व शिंग अशा चार द्रव्यांच्या धनुष्यांची नोंद आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे त्याच ठिकाणी दोर्‍यांच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग व स्नायू यांच्या जोडीला वेळूचाही उल्लेख आहे. वेळूची दोरी ही वनवासी माणसाने दारिद्र्यामुळे केलेली तडजोड, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती या नोंदीपुढे टिकत नाही. राजाच्या शस्त्रागारातही तिला स्थान होते.

भाषेतही हा संबंध उमटलेला दिसतो. मराठीत वेळूच्या चिरफळीला कामटी आणि धनुष्याला कमठा म्हणतात. गोंडीत धनुष्याला विल् असा शब्द असून तमिळमध्येही तोच आहे. गोंडीचे द्राविडी कूळ त्यावरून सहज ध्यानात येते.

लाकडी धनुष्य या भागाला अपरिचित नव्हते. धामण या वृक्षाचे लाकूड चिवट व लवचिक असते. संस्कृतात त्याला धन्वन व धनुर्वृक्ष अशी नावे आहेत, ती या गुणामुळेच. यूरोपात यू वृक्षाचे लाकूड सर्वोत्तम गणले जाई. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या, सु. ५,३०० वर्षांपूर्वीच्या हिममानवाजवळचे अर्धवट घडविलेले धनुष्य यूचेच आहे. यू दुर्मिळ असेल तेथे एल्म, अ‍ॅश किंवा बीच यांवर काम भागवीत. बीच भारतात नैसर्गिक रीत्या वाढत नाही. शिवाय ते दमट हवेत लवकर फुगते व आकार बदलते, त्यामुळे पावसाळी प्रदेशाला ते मानवलेही नसते.

लाकडाचे धनुष्य करणार्‍याची मुख्य अडचण वार्षिक वलयांची असते. धनुष्य ओढले की तीरंदाजाच्या विरुद्ध बाजूचा पृष्ठभाग ताणला जातो आणि त्याच्याकडचा दाबला जातो. ताणाच्या बाजूस तंतू कोठे तुटलेले असले, तर काठी तेथूनच उकलते. म्हणून त्या बाजूस एकच वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राखावे लागते, आणि ते कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. वेळूत वलये नसतातच. त्याची पूर्ण उंची एकाच हंगामात साधते, तंतू उभे असतात आणि सर्वांत दाट व बळकट तंतू बाहेरच्या सालीलगत असतात. ही साल न दुखविता ताणाच्या बाजूस ठेवली, म्हणजे निम्मे काम निसर्गानेच केलेले असते.

मात्र कोणताही वेळू चालत नाही. या भागात मानवेल व काटस असे दोन प्रकार प्रमुख आहेत [⟶ बांबू]. काटस जाड व उंच वाढतो, पण पोकळ असतो. मानवेल कोरड्या, खडकाळ उतारावर जवळजवळ भरीव निघतो. त्यामुळे चिरफळीला पुरेशी जाडी मिळते. पावसाळ्यात फुटणारे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीसाठी खुडतात. त्यांतून वाचलेल्या कोंबाची काठी पक्व होण्यास तीन वर्षे तरी लागतात. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत करणे हिताचे असते. ओल्या दिवसांत तोडलेल्या, पिष्टमय रसाने भरलेल्या काठीला घुणे लवकर लागतात.

काठी उभी चिरून तिची माणसाच्या खांद्याइतकी किंवा उंचीइतकी पट्टी काढतात व सावलीत वाळवितात. वाकडी असल्यास मंद आचेवर शेकून सरळ करतात. नंतर कोयत्याने व विळ्याने फक्त आतली बाजू तासतात : मध्यभागी मुठीजवळ जाडी राखायची आणि टोकांकडे ती हळूहळू कमी करायची. गाठींजवळ तंतू वळलेले असतात, म्हणून तेथे थोडे अधिक द्रव्य सोडतात. या सबंध कामात कसोटीची वेळ येते ती तोल पाहताना. दोरी सैल चढवून काठी थोडी ओढायची, दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही हे पाहायचे, जी भुजा ताठ राहते ती किंचित तासायची आणि पुन्हा ओढायची. घाई केली, तर कमकुवत भुजा मोडते. काढलेला कीस परत चिकटविता येत नाही.

दोरीसाठी सालीलगतचीच अरुंद, लांब कामटी घेऊन ती गुळगुळीत करतात. तिच्या टोकांना खांदे कोरून तेथे सालीच्या दोराचे फास बांधतात. आतड्याची किंवा स्नायूंची दोरी पावसात सैल पडते. वेळूची सहसा पडत नाही. वर्षाकाठी १२० सेंमी.हून अधिक पाऊस पडणार्‍या प्रदेशात हा गुण मोलाचा होता. मोगल सैन्यातील शिंग व स्नायूंची संयुक्त धनुष्ये कितीतरी जोरकस असत, पण त्यांचे सरस जोड दमट हवेला भीत. वापर संपताच दोरी उतरवून ठेवण्याची शिस्त मात्र दोन्हींकडे समानच होती.

बाण बोरूचे किंवा बारीक वेळूचे, टोक लोहाराने घडविलेले. पाखरांसाठी बोथट लाकडी टोकाचा बाण असे. तो रुततो थोडा, पण पक्षी खाली पाडतो. पिकांच्या राखणीला गलोल असे. दुहेरी दोरीच्या मध्ये लहानशी झोळी असलेले हे धनुष्यच. त्यातून मातीच्या भाजलेल्या गोळ्या फेकीत.

बंदुकीमुळे धनुष्य मागे पडले, असे सरसकट म्हटले जाते. राजांच्या सैन्यांपुरते ते खरे आहे. वनातल्या धनुष्याविषयी ते अपुरे ठरते. तेथे बंदूक थोड्यांनाच परवडत होती. धनुष्याला मर्यादा पडली ती प्रामुख्याने कायद्यांनी. १८७८ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणांचा नावानिशी समावेश होता. त्याच वर्षीच्या वन अधिनियमाने राखीव वने निर्माण केली आणि वेळू तोडणे ही परवानगीची बाब झाली. नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये व नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये अस्तित्वात आले. दरम्यान १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाण घातले. वन्य प्राण्यांचा झालेला संहार पाहता संरक्षण अपरिहार्य होते, हे मान्य करावेच लागेल. परंतु त्या संहारात शिकारी बंदुकांचा वाटा किती आणि कमठ्याचा किती, हा भेद व्याख्येत उरला नाही.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने वेळू हा गौण वनोपज ठरविला आणि त्यावरील पारंपरिक हक्क मान्य केला. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला. अशा रीतीने काठी परत मिळाली, पण तिचे जुने प्रयोजन परत आले नाही. क्रीडाक्षेत्रात ‘इंडियन राउंड’ या प्रकारात देशी बनावटीची वेळूची व लाकडी धनुष्ये वापरतात. ती नेमबाजीच्या लक्ष्यासाठी, ठराविक अंतरांसाठी घडविलेली असतात. त्यांची दोरी कृत्रिम धाग्याची असते. वेळूची दोरी वळणावर न तुटता कशी तासावी, हे ज्ञान त्या प्रकारात लागत नाही.