नागर

नागरा हे गोंदियालगतचे, प्राचीन शिवमंदिरामुळे पंचक्रोशीस परिचित असलेले गाव. त्याच्या नावाचे मूळ काहीही असो, ते उच्चारताच ‘नागर’ हा शब्द आठवतो. ‘नगर’ या नामापासून होणारा ‘नागरक’ हा शब्द पाणिनीने निंदा किंवा प्रावीण्य या अर्थी सिद्ध केला आणि टीकाकारांनी उदाहरणादाखल चोर व कुशल कारागीर यांना एका पंक्तीस बसविले, ही मोठी मौजेची गोष्ट होय. पुढे निंदा गळाली, सभ्यता तेवढी उरली. उलट ‘ग्राम्य’ हा, मुळात निव्वळ गावचा असा अर्थ असलेला शब्द, काव्यशास्त्रात दोष म्हणून दाखल झाला.

हीच वाटणी विद्यालयांतही उतरली. रयतेकडून वसूल होणारा महसूल सरकार वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची घालते, अशी कैफियत जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली. नागपुरात हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये त्याच सुमारास, १८८३ आणि १८८५ मध्ये, निघाली, गोंदियास मात्र स्वातंत्र्यानंतरपर्यंत थांबावे लागले. आज आरक्षणाने दरवाजा उघडला आहे खरा; परंतु घरी पोवारी बोलणारा विद्यार्थी तोंडी परीक्षेत ‘सांगून राहिलो ना सर’ म्हणाला की परीक्षकांच्या ओठांवर जे स्मित उमटते, त्याने त्याचे पुढचे उत्तर घशातच अडकते. गुणपत्रकात उच्चारासाठी रकाना नसतो. परीक्षकांनी तो मनातही आखू नये.