प्लगाची जाडी आणि वायरीचा पीळ



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह हेच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्या वस्तूंना आपला हात दिवसांतून दहा वेळां लागतो त्यांनाहि इतिहास असतो. आजच्या भाषणासाठीं मीं अशीच एक वस्तु निवडली आहे. ती म्हणजे विजेचा प्लग. प्लग इतका जाड कां, त्याची वायर नेमकी मानेशींच कां तुटते, आणि तो पातळ करून त्याची मान फिरती ठेवावयाची तर अडचण कोणती, या तीन प्रश्नांपुरतेंच आज बोलावयाचें आहे.

आमच्या भागांतील श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. पूर्वीचा चांदा जिल्हा, ज्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला, तो मुलूख कोळशाचा आणि सागाचा. चंद्रपूर शहरानजीक औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं चालू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. १९९९ पासून चंद्रपुराहून ठाणें जिल्ह्यांतील पडघें येथपर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्ट दाबाची वाहिनी वीज वाहून नेत आहे. कोळसा खणणें, पाणी उकळणें, जनित्रें फिरविणें, मनोरे उभारणें ही सगळी खटपट अखेर ज्या ठिकाणीं येऊन पोंचते, ती जागा मात्र चार बोटांची असते. तेथें प्लग असतो. विजेच्या एवढ्या लांब प्रवासांत अडाणी मनुष्याचा आणि लहान मुलाचा हात लागतो तो याच जागीं. म्हणून त्या चार बोटांच्या वस्तूचा विचार वाहिनीच्या विचाराइतकाच महत्त्वाचा आहे.

विजेनें घरांत प्रवेश केला तो दिव्याच्या रूपानें. १८८२ सालीं न्यूयॉर्क शहरांत एडिसनचें पर्ल स्ट्रीट येथील केंद्र सुरू झालें, तेव्हां घरांतील तारा दिव्यापर्यंत जात आणि तेथेंच संपत. भिंतींत प्लगासाठीं जागा ठेवण्याचें कांहीं प्रयोजनच नव्हतें. पुढें पंखा आला, इस्तरी आली. तीं लावावयाचीं कोठें? तर दिवा काढून त्याच्याच होल्डरांत. अमेरिकेंतील होल्डर आट्यांचा असे. त्यामुळें यंत्राचें टोंकहि दिव्याप्रमाणेंच फिरवून बसवावें लागे, आणि होल्डरांत जितके फेरे तितके वायरीला पीळ पडत. आपल्याकडील होल्डर खटक्याचा, म्हणून एवढे पीळ पडत नसत; तरी दिवा काढून होल्डरांतून इस्तरी चालविण्याची रीत आपल्याकडेहि पुष्कळ वर्षें होती, हें वडील मंडळींना आठवत असेल.

या पिळावर उपाय काढला तो अमेरिकेंतील ब्रिजपोर्ट येथील हार्वे हबेल यानें. ८ नोव्हेंबर १९०४ रोजीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. त्याची युक्ति अगदीं साधी होती. त्यानें टोंकाचे दोन तुकडे केले. आट्यांचा तुकडा होल्डरांत कायमचा ठेवावयाचा आणि वायर जोडलेला दुसरा तुकडा पिनांच्या साहाय्यानें त्यांत सरळ खुपसावयाचा व सरळ ओढून काढावयाचा. फिरवाफिरव संपली. सरळ खुपसावयाचा आणि सरळ काढावयाचा प्लग घरोघर रुळला तो या मार्गानें. वायरीचा पीळ चुकविणें हें प्लगाच्या जन्मकाळचेंच एक काम होतें, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

आतां जाडीकडे वळूं. पहिल्या प्लगांना पिना दोनच होत्या. एकींतून वीज यावी आणि दुसरींतून परत जावी, एवढाच हिशेब. परंतु इस्तरीसारख्या यंत्राचें अंग धातूचें असतें. आंतील फेजची तार सुटून त्या अंगाला शिवली, तर यंत्र पूर्ववत् चालूच राहतें आणि हात लावणारा मात्र प्राणाला मुकतो. यासाठीं यंत्राच्या अंगापासून थेट जमिनींत जाणारी तिसरी वाट ठेवण्याची पद्धति निघाली. हेंच अर्थिंग. इंग्लंडांत १९३४ सालीं ब्रिटिश मानक ५४६ ठरलें आणि त्यांत तीन गोल पिनांच्या प्लगाचीं मापें नक्की झालीं. आज आपण भारतांत वापरतों तो प्लग त्याच कुळांतला आहे. आपल्या मानकाचा क्रमांक १२९३ असून त्यांत लहान प्लग ६ अँपिअरचा आणि मोठा १६ अँपिअरचा आहे.

लहान प्लग हातांत घेऊन पाहा. खालच्या दोन पिना सुमारें ५ मिलिमीटर जाडीच्या असतात. वरची सुमारें ७ मिलिमीटर जाड असून लांबीलाहि ५ ते ६ मिलिमीटर अधिक असते. हा कांहीं कारागिराचा लहरीपणा नव्हे. लांब असल्यामुळें ती पिन भोंकांत सर्वांआधीं शिरते आणि सर्वांमागून बाहेर येते. म्हणजे वीज येण्यापूर्वीं संरक्षण येतें आणि वीज गेल्यावरच तें जातें. जाड असल्यामुळें ती चुकूनहि फेजच्या भोंकांत जात नाहीं. शिवाय तीन पिनांचीं मुळें घट्ट धरून ठेवावयाचीं, तीन तारा तीन स्क्रूंखालीं दाबावयाच्या, वायर आवळावयाची आणि बोटांना पकड द्यावयाची, एवढीं कामें त्या डबीला करावीं लागतात. प्लग जाड आहे तो या कारणानें.

येथें १९४७ सालाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या वर्षीं आपण इंग्रजांचें राज्य घालविलें, त्याच वर्षीं इंग्रजांनीं आपल्या गोल पिनांचा त्याग करण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धांत बाँबनीं पडलेलीं घरें पुन्हां बांधावयाचीं होतीं आणि तांबें महाग व दुर्मिळ झालें होतें. कमी तांब्यांत घराची वायरिंग व्हावी म्हणून त्यांनीं तारांचें वळें घरभर फिरविण्याची पद्धति स्वीकारली, आणि तिला जुळेल असा, पोटांत फ्यूज असलेला चपट्या पिनांचा नवा प्लग ठरविला. या विषयावर ज्या समितीनें १९४४ सालीं अहवाल दिला तिच्यांत कॅरोलाइन हॅस्लेट या एकच स्त्री सभासद होत्या. लहान मुलांनीं भोंकांत बोट किंवा खिळा घालूं नये यासाठीं आंत पडदा असावा आणि तो अर्थिंगच्या लांब पिनेनेंच उघडावा, ही सोय त्या नव्या सॉकेटांत आली. इंग्रजांनीं गोल पिना सोडल्या. आपण त्या ठेवल्या.

इंग्रजांचा नवा प्लग सुरक्षित खरा, पण लठ्ठ. २००९ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें शिकणाऱ्या मिन-क्यू चोई या दक्षिण कोरियन तरुणानें असा विचार केला, कीं संगणक कागदासारखे पातळ होत चालले, मग त्यांचा प्लगच तेवढा ढबोळा कां? त्यानें पिना फिरवून घडी होणारा प्लग रचला. घडी केली म्हणजे त्याची जाडी एक सेंटिमीटरच्या आसपास येई. २०१० सालीं लंडनच्या डिझाइन म्यूझियममध्यें वर्षांतील उत्तम रचना म्हणून त्याचा गौरव झाला. युक्ति स्तुत्य आहे. परंतु तो प्लग पिशवींत पातळ, भिंतींत नव्हे.

भिंतींतहि पातळ राहणारा प्लग युरोपांत आहे. तो दोन पिनांचा, चपटा, अवघ्या अडीच अँपिअरचा. त्याला अर्थिंगची पिन नाहीं, कारण ज्यांच्या अंगाला दुहेरी विद्युत्‌रोधक आवरण आहे अशाच यंत्रांसाठीं तो आहे. अशा यंत्रांवर एका चौकोनांत दुसरा चौकोन अशी खूण असते. मोबाईलच्या चार्जरवर ती शोधल्यास सांपडेल. चार्जरला दोन पिना पुरतात. पण म्हणून त्या कूलरलाहि पुरतील असें समजणें प्राणघातक होय.

कूलरचें नांव मीं मुद्दाम घेतलें. चंद्रपूरचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरोघर खिडकीशीं लोखंडी पत्र्याचा कूलर उभा राहतो. पत्र्याचें अंग, पोटांत पाणी, पाण्यांत बुडालेला पंप आणि ओली फरशी, असा हा धोक्याचा चौरंग आहे. कूलरचा झटका लागून माणसें दगावल्याच्या बातम्या विदर्भांत उन्हाळ्यांत वारंवार येतात. कूलर भिंतीशीं ढकलला कीं जाड प्लग पुढें येतो, वायर मानेशीं काटकोनांत मोडते, रोज पाणी भरतांना हलते, आणि एके दिवशीं आंतील तांब्याचे बारीक केस तुटूं लागतात. मग गांवांत काय होतें? भामरागड किंवा एटापल्ली तालुक्याच्या आंतल्या गांवीं चांगला प्लग मिळण्याचें दुकान जवळ नसतें. प्लग कापून टाकला जातो आणि उघड्या तारांचीं टोकें भोंकांत खुपसून आगकाडीनें घट्ट केलीं जातात. त्या क्षणीं तिसरी तार, म्हणजे जीव वांचविणारी तार, अधांतरीं लोंबत राहते. प्लगाची मान तुटणें ही क्षुल्लक बाब नाहीं, असें मी म्हणतों तें यासाठीं.

तर मग पातळ प्लग रचावयाचा कसा? पिनांचीं मापें बदलतां येत नाहींत, कारण देशभर भिंतींत तींच भोंकें आहेत. कमी करावयाची ती भिंतीबाहेरील डबी. वायर पाठीमागून न काढतां भिंतीला समांतर, बाजूनें काढली, तर जाडी पुष्कळ घटते. परंतु लगेच दुसरी अडचण उभी राहते. बाजूनें निघालेली वायर एकाच दिशेला जाते. भिंतीवरच्या बोर्डांत ती खालीं जाईल. पण कूलर डावीकडे असेल तर? बोर्ड पलंगाच्या काठाला टेकला असेल तर? दिशा चुकली कीं वायर पुन्हां मानेशीं पिळली जाणार. म्हणजे पातळपणा साधतांच फिरत्या मानेची गरज आपोआप उत्पन्न होते. हे दोन प्रश्न नसून एकाच प्रश्नाचीं हीं दोन अंगें आहेत.

फिरती मान आपल्या लोहारांना नवी नाहीं. खुंट्याला बांधलेलें गुरूं चरतांना भोंवतीं फिरतें. दाव्याला पीळ पडून तें आंखूड होऊं नये म्हणून दाव्यांत भोवरकडी घालतात. कडीच्या भोंकांतून गेलेला डोक्याचा खिळा मोकळा फिरतो आणि पीळ तेथेंच विरतो. प्लगाच्या मानेला हवी आहे ती भोवरकडीच. परंतु दावें फक्त ओढ सोसतें. वायरीला वीजहि वाहावी लागते. भोवरकडींतून वीज न्यावयाची तर धातूवर धातु घासत राहणार, आणि तेथेंच धोका आहे. १,००० वॉटची इस्तरी २३० व्होल्टवर सुमारें ४.३ अँपिअर वीज घेते. घासणाऱ्या जोडाचा रोध ०.१ ओहम असला तर तेथें सुमारें २ वॉट उष्णता होते, ती सोसवते. पण धूळ आणि गंज यांनीं तो रोध १ ओहम झाला, तर तेथें जवळजवळ १९ वॉट उष्णता निर्माण होते. डाग देण्याची लहान विजेची इस्तरी २५ वॉटची असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे बंद डबींत काय होईल तें सांगावयास नको. मोठ्या यंत्रांत अशा फिरत्या कड्या व कार्बनचे ब्रश असतात. पण तेथें त्यांची निगा राखावयास माणसें नेमलेलीं असतात.

यावर सुज्ञ उपाय असा, कीं मान फिरूं द्यावी, पण अमर्याद फिरूं देऊं नये. दोन्ही बाजूंना अर्धा फेरा झाला कीं तिला अडसर असावा. एवढ्यानें वायर हवी त्या दिशेला नेतां येते, आणि आंत घासणारा जोड ठेवावा लागत नाहीं. मऊ बहुतारी वायरीचा सैल फांसा तेवढा पीळ सहज सोसतो. वायर आवळणारी पकड त्या फिरत्या मानेवरच असावी, म्हणजे ओढ स्क्रूंवर न येतां मानेवर येईल. आंतील तिन्ही तारांत अर्थिंगची तार सर्वांत लांब ठेवावी, म्हणजे कोणी हिसका दिलाच तर ती सर्वांमागून सुटेल. आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची अट ही, कीं प्लग स्क्रूनें उघडतां यावा. आज पातळ प्लग बहुधा ओतीव असतात. मान तुटली कीं फेंकून द्यावयाचे. शहरांत तें चालतें. ज्या गांवीं दुसरा प्लग मिळावयास दिवस मोडावा लागतो, तेथें उघडून पुन्हां जोडतां न येणारा प्लग म्हणजे उद्याची आगकाडी होय.

हबेलनें हाताला पडणारा पीळ पाहिला, हॅस्लेट यांच्या समितीनें मुलाचें बोट पाहिलें, चोईनें पिशवींतली अडचण पाहिली. रानांतल्या घराची भिंत, पत्र्याचा कूलर आणि दूरचें दुकान हीं पाहून केलेला प्लग अद्याप व्हावयाचा आहे. आमच्या जिल्ह्यांतील तंत्रनिकेतनांच्या व आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांनीं तो अभ्यासाचा विषय करावा, अशी माझी त्यांना विनंति आहे.

तोंवर आपण प्रत्येकानें चार गोष्टी पाळाव्या. प्लग काढतांना डबी धरावी, वायर ओढूं नये. प्लग घेतांना आय.एस.आय. चिन्ह पाहावें. भोंकांत बसत नाहीं म्हणून तिसरी पिन कधींहि कापूं नये. आणि कूलरमध्यें पाणी भरण्यापूर्वीं नुसतें बटन बंद न करतां प्लग काढून हातांत घ्यावा, मग बादली उचलावी.