पेडण्याच्या बाजारात सहाचा भाव

1959 चा जानेवारी. मोपाचा सडा उतरून तुम्ही पेडण्याच्या बाजारात आला आहात. सड्यावर विमानतळ नाही, वाळलेलं गवत आणि काजूची झाडं आहेत. खिशातली पाचशेची नोट खिशातच राहू द्या. गांधीजींचं चित्र पाहून कुणा पाखल्या, म्हणजे पोर्तुगीज, शिपायाने चौकशी सुरू केली, तर तिचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही.

दुकानदाराच्या हातात बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुची कोरी नोट आहे. तिच्यावर दाढीवाला आल्बुकेर्क आहे आणि आकडा आहे तीस. त्याच्यामागे साठाची एक. लिस्बनमध्ये वीस, पन्नास, शंभर एश्कुदांच्या नोटा चालतात. मग गोव्यासाठीच हे तीस आणि साठ कुठून आले?

"स एश्कुद म्हणल्यार एक रुपयो," दुकानदार सांगतो. तीस म्हणजे पाच रुपये, साठ म्हणजे दहा, सहाशे म्हणजे शंभर. 1951 साली पोर्तुगालने वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली आणि आता इथली रुपीही काढून टाकली. पण नव्या नोटा कापल्या त्या मात्र रुपयाच्या मापाने. सालाझारच्या सरकारने याची जाहिरात केली नाही. नोटांवरच ती छापली गेली.

भाव मनाला येईल तसा ठरवलेला नव्हता. डॉलरला 28.75 एश्कुद आणि डॉलरला 4.76 रुपये, असे दोन्ही देशांचे बांधलेले दर. भागाकार करून पाहा, सहाच्या किंचित वर येतो. गिऱ्हाइकाला मात्र डॉलरशी देणंघेणं नाही. त्याचं भांडण तांग्याचं आहे.

ते जवळून ऐका. कालपर्यंत सोळा तांगे म्हणजे एक रुपी, म्हणजे तांगा आणि आणा एकच. एका तांग्याचे आता झाले साडेसदतीस सेंताव. सर्वांत लहान नाणं दहा सेंतावांचं. दोन तांग्यांना पंचाहत्तर, तेही जुळत नाहीत. चार तांग्यांना दीड एश्कुद, तिथे कुठे हिशेब बसतो. एका तांग्याची पानसुपारी घेणारी म्हातारी फळीवर तीस सेंताव ठेवते. दुकानदार चाळीस मागतो. "अडीच सेंताव वर घेतोस?" असं ती म्हणत नाही, ती म्हणते, "म्हज्या तांग्याक कितें जालें?" दुकानदार हसतो आणि सुपारीचं एक खांड कमी करतो. रांगेत तुमच्या मागे उभा असलेला माणूस बांद्याचा जावई आहे. त्याच्याकडे तिसराच हिशेब: सीमेपलीकडे भारतात 1957 च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नये पैसे झालेत. त्याला साठ सेंताव म्हणजे दहा नये पैसे हे चटकन कळतं. तीस सेंतावांचे पाच. ही नाणीही त्याच मापाची. एक एश्कुद म्हणजे दोन आणे आठ पै, हे मात्र तो बोटांवर मोजतो.

म्हातारीच्या कनवटीला आणखी एक नाणं आहे. ते बाहेर येतं तेव्हा नीट पाहा: चांदीचं, राजा दों लुईशचा मुखडा, 1882 साल. पाडलंय कलकत्त्याच्या टांकसाळीत. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची रुपी ब्रिटिश रुपयाच्या वजनाची आणि कसाची झाली, आणि गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा बसला. आगरवाड्याच्या मिठागरांना हा तह नाण्याआधी कळला असणार. तह 1892 ला संपला, पण रुपीची रुपयाशी बरोबरी टिकली. ती मोडण्यापेक्षा तिच्यावर नवं नाव चढवणं लिस्बनला सोपं गेलं.

आता म्हापशावरून डिचोलीला या, शक्य तर बुधवारी. बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा आहे, कारण भारताने 1955 पासून नाकेबंदी केली आहे. घाटावरचा कांदा दोडामार्गच्या पलीकडे थांबलाय. खाणींचा दगड नदीतून मुरगावला आणि तिथून जपान, पश्चिम जर्मनीला जातो. नाकेबंदीतही डिचोलीत पैसा खेळतो तो या दगडामुळे. मजूर बायका डोक्यावरच्या पाट्या उतरवतात, रोजगार एश्कुदांत घेतात आणि लगेच सहाने भागतात. माझ्या मते गोव्याच्या नव्या चलनाची खरी परीक्षा पणजीच्या बँकेत नव्हे, या बाजारात झाली, आणि त्यात ते नापास झालं.

तीन वर्षं पुढे सरका. गोवा भारतात आला तो 19 डिसेंबर 1961 उलटून गेलाय. 1962 मध्ये बाजारातले लोक नोटा बदलायला निघालेत. दर तोच, रुपयाला सहा. कुणालाही नवा पाढा शिकावा लागत नाही. सोन्याचं तसं झालं नाही. नोटा काढणाऱ्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुकडे तारण ठेवलेले गोंयकारांचे दागिने लिस्बनला गेले होते. ते परत आले 1991 साली.

आणखी एक हिशेब करून मग परत फिरा. 6 जून 1966 ला इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलर साडेसात रुपयांना झाला. एश्कुद तेव्हा इथे असता, तर रुपयाला सहाऐवजी पावणेचारच्या आसपास मिळाले असते.

घरी आजोबांच्या पेटीत साठाची नोट निघाली, तर तिला प्लास्टिकमध्ये चिकटवून टाकू नका. कोणतीही बँक तिचे दहा रुपये देणार नाही, संग्राहक बरेच जास्त देईल. आणि तिच्याबरोबर दुकानाची जुनी चोपडी निघाली, तर ती रद्दीत घालण्याआधी पणजीच्या पुराभिलेख खात्याला एकदा दाखवा. पेडणे-डिचोलीच्या दुकानांत तेव्हा हिशेब नक्की कोणत्या नाण्यात मांडला जात होता, ते सरकारी फर्मानांपेक्षा त्या चोपडीतून जास्त कळेल.