संगणकाचा हरवलेला आवाज

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्याच्या पेटीत एक लहानसा स्पीकर होता. यंत्र सुरू झाले की तो एकदा पीं करी, काही चुकले की पुन्हा पीं करी. त्याच्याकडून याहून फार अपेक्षा बहुतेकांची नव्हती. हिशेब करणे, अक्षरे दाखवणे, ती छापणे ही यंत्राची कामे. गाणे-बोलणे हे त्याचे मुख्य काम असू शकते, हा विचार त्या रचनेत नव्हता. संगणकात आवाज आला तो मागाहून आणि बाहेरून. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट झाले, पडदा दिसतो, कळफलक चालतो आणि आवाज तेवढा गेला, ही जी तक्रार आज घरोघरी ऐकू येते तिचे मूळ मला या उशिरा झालेल्या प्रवेशात दिसते.

हा पाहुणा आला तो कार्डाच्या रूपाने. १९८७ मध्ये कॅनडातल्या ॲडलिबने यामाहाची चिप वापरून संगीताचे कार्ड काढले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने ‘साउंड ब्लास्टर’ आणले आणि काही वर्षांतच बाजार व्यापला. तो डॉसचा काळ. गेम लिहिणाऱ्याला कार्डाशी थेट बोलावे लागे. कार्ड कोणत्या पत्त्यावर आहे, कोणत्या क्रमांकाची घंटा वाजवते, हे यंत्राच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवायचे. पत्ता बहुधा २२०, घंटा ५ किंवा ७. त्यातला एक आकडा चुकला की यंत्र मुके. इतर कंपन्यांना आपल्या खोक्यांवर ‘साउंड ब्लास्टरशी सुसंगत’ असे छापावे लागे. एका दुकानदाराचे माप हेच साऱ्या पेठेचे माप झाले होते.

१९९५ च्या विंडोजने ही रीत मोडली. प्रोग्रामने विंडोजशी बोलायचे, विंडोजने ड्रायव्हरशी आणि ड्रायव्हरने कार्डाशी. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. सोय मोठीच होती, पण दुभाषा पुरवायचा कार्ड बनवणाऱ्याने आणि तो उभा राहणार विंडोजच्या दारात. विंडोजने दाराची उंची बदलली की दुभाष्याचे डोके आपटणार. आमच्या मराठवाड्यात संगणक पसरला तो जुळणी केलेल्या यंत्रांतून आणि २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी वर्गांतून. तोवर इंटेलच्या ‘एसी ९७’ या मानकामुळे आवाजाची चिप मदरबोर्डवरच बसू लागली होती, तिच्यासोबत एक सीडी येई. विंडोज नव्याने टाकले की भूमचा काय, बार्शीचा काय, दुरुस्तीवाला पहिल्यांदा विचारी, “साउंडची सीडी आहे का?” ती बहुधा नसे.

सर्वांत मोठी उलथापालथ व्हिस्टाची. ३० जानेवारी २००७ ला ती सर्वसामान्यांच्या हाती आली. तोपर्यंत आवाजाचे बरेचसे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चाले. तिथे एखादा ड्रायव्हर अडखळला की सगळे यंत्र निळा पडदा दाखवून बंद पडे. मायक्रोसॉफ्टने या कामाचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला. निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. पण त्यात महागड्या कार्डांचा थेट मार्ग बंद झाला आणि हजारो रुपयांची कार्डे साध्या चिपच्या पंगतीला येऊन बसली. क्रिएटिव्हचे नवे ड्रायव्हर अपुरे होते. ब्राझीलमधल्या एका हौशी प्रोग्रामरने तेच ड्रायव्हर दुरुस्त करून लोकांना वाटले. मार्च २००८ मध्ये कंपनीने त्याला जाहीर तंबी दिली, तेव्हा ग्राहक उसळले ते कंपनीवरच. यंत्र आपले, कार्ड आपल्या पैशाचे, आणि त्यांच्यामधला दुभाषा मात्र दुसऱ्याच्या मालकीचा, हे तेव्हा लोकांना पहिल्यांदा इतके स्पष्ट दिसले असावे.

पुढे दुभाषेही अपडेटमधून आपोआप येऊ लागले. सीडी शोधणे संपले, पण चुकीचा दुभाषा न विचारता घरात शिरण्याची वाटही उघडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर विंडोज १० च्या अनेक यंत्रांवर चुकून पाठवला गेला आणि त्यांचा आवाज गेला. तो काढून टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टला आणखी एक अपडेट पाठवावे लागले.

गाणी दोन दिवस ऐकली नाहीत म्हणून कोणाचे बिघडत नाही, असे म्हणणाऱ्याला मी ईटमधल्या माझ्या परिचयाच्या एका तरुणाचे उदाहरण देतो. तो जन्मापासून पाहू शकत नाही आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास लॅपटॉपवर करतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा त्याचा प्रोग्राम म्हणजे ‘एनव्हीडीए’. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या तरुणाने तो २००६ मध्ये सुरू केला. तो मोफत आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’मध्ये मराठीही आहे, जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. एका सकाळी अपडेटनंतर या मुलाचा फोन आला : “सर, आज ते बोलतच नाही.” आपण आवाज गेला म्हणतो, त्याचा पडदाच गेला होता. दुरुस्तीच्या सगळ्या सूचना पडद्यावर, आणि पडदा वाचणारा मुका.

त्याच्याकडे यूएसबीचा हेडफोन होता. मी तो लावायला सांगितला आणि एनव्हीडीए लगेच बोलू लागले. यात जादू नाही. यूएसबी हेडफोनमध्ये त्याची स्वतःची आवाजाची चिप असते आणि तिच्याशी कसे बोलायचे याचा जाहीर करार १९९८ पासून आहे. कोणत्याही कंपनीचा हेडफोन असो, ऑपरेटिंग सिस्टिमकडचा एकच दुभाषा पुरतो. हेडफोन ऐकू येऊ लागल्यावर पुढचे काम त्याने स्वतः केले. विंडोज आणि एक्स या कळा दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडले, आवाजाच्या चिपचा नवा ड्रायव्हर ‘रोल बॅक’ केला आणि लॅपटॉपचा स्पीकर परत आला. जुना ड्रायव्हर शिल्लक नसता, तर विंडोजचा स्वतःचा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा साधा ड्रायव्हर निवडता आला असता. तोही २००४ च्या इंटेलच्या जाहीर मानकावर चालतो. कित्येकदा तर काहीच बिघडलेले नसते : अपडेटनंतर यंत्र आवाज स्पीकरऐवजी एचडीएमआयच्या तारेने जोडलेल्या मॉनिटरकडे पाठवत असते आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. म्हणून आवाज कुठे जातो आहे ते आधी पाहावे, ड्रायव्हरला हात नंतर लावावा.

करार जाहीर असला की सगळे सुरळीत होते, असे मात्र लिनक्सचा इतिहास म्हणू देत नाही. तिथे सारेच उघडे, तरी ओएसएसच्या जागी अल्सा आले, त्यावर पल्सऑडिओ बसले. २००८ च्या एप्रिलमधल्या उबुंटूने ते स्वीकारले तेव्हा अनेकांची यंत्रे गप्प झाली. २०२१ मध्ये फेडोराने त्याच्याही जागी पाइपवायर आणले. शिवाय मानक एक असले तरी लॅपटॉपवाले त्या चिपच्या पायांना तारा आपापल्या मर्जीने जोडतात. स्पीकर कोणत्या पायाला आणि हेडफोन कोणत्या, हे मॉडेलगणिक वेगळे. लिनक्समध्ये रिअलटेकच्या चिपसाठी एक फाइल वर्षानुवर्षे वाढत गेली, दहा हजारांहून अधिक ओळींची. तिच्यात अमुक कंपनीच्या तमुक मॉडेलला काय वेगळे करावे लागते याची यादी आहे. कोणाचा तरी लॅपटॉप मुका झाला, त्याने किंवा दुसऱ्या कोणी कारण शोधले आणि एक ओळ वाढली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्या मुलाचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. आता त्याच्यावर लिनक्स टाकावे का, असे तो विचारतो. तिथे एनव्हीडीए नाही, ‘ऑर्का’ नावाचा वाचक आहे. आम्ही आधी पेनड्राइव्हवरून, काही न पुसता लिनक्स सुरू करून पाहणार आहोत. त्याने हेडफोन तयार ठेवला आहे.