हॉगर्थच्या एका ताम्रमुद्रित चित्रांतील नाट्य व उपहास

पुष्पिका पाहिल्यावांचून पोथीचा काल ठरवूं नये, हा नियम आपल्या संग्राहकांस पाठ आहे. छापील चित्रांच्या बाबतींत मात्र तो क्वचितच पाळला जातो. विल्यम हॉगर्थ या इंग्रज चित्रकारानें स्वतः ताम्रपटावर कोरून इ. स. १७३८ मध्यें प्रसिद्ध केलेलें 'कोठारांत वेष करणाऱ्या फिरत्या नटी' हें चित्र वरवर पाहणारास केवळ ग्राम्य थट्टेचें वाटतें. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें होतें.

भरताच्या परिभाषेंत सांगावयाचें तर येथें रंगपीठ मुळींच नाहीं; आहे तें सगळें नेपथ्य. मोडक्या कोठारांत नटी देवतांचीं सोंगें घेत आहेत. मध्यभागीं कौमार्यव्रती डायाना, मस्तकीं चंद्रकोर धारण करून, घेरदार झगा पायांशीं टाकून, अंतर्वस्त्रानिशीं उभी आहे. आणि छपराच्या भगदाडांतून कोणी तिला न्याहाळीत आहे. ग्रीक कथेंतला ॲक्टिऑन देवीस विवस्त्र पाहिल्यामुळें हरिण झाला. ह्या महाभागास तसा धोका दिसत नाहीं! देवराज्ञी जूनो आपलें भाषण घोकीत असतां रात्रिदेवता तिच्या मोज्याचें भोक शिवीत आहे. गरुडाचें सोंग घेतलेली बाई तान्ह्या मुलास पेज भरवीत आहे. माकड तर शिरस्त्राणांतच लघुशंका उरकीत आहे.

परंतु चित्राची किल्ली खाटेवरील कागदांत आहे. एक त्या मंडळीची जाहिरात. कायदा अंमलांत येण्यापूर्वींचा हा शेवटचा प्रयोग, असें तींत छापलें आहे. दुसरा कागद त्या कायद्याचाच. हा कायदा १७३७ चा. हेन्री फील्डिंग वगैरेंच्या नाटकांतून होणाऱ्या टीकेनें त्रस्त झालेल्या वॉल्पोलच्या मंत्रिमंडळानें तो संमत करून घेतला. त्यायोगें नवें नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या दृष्टीखालून जाणें आवश्यक झालें, व परवान्यावांचून पैसे घेऊन खेळ करणारे नट भटक्या उनाडांच्या वर्गांत पडले. फील्डिंगनें पुढें रंगभूमि सोडून कादंबरी हातीं धरली. विलायतेंतलें हें पूर्वपरीक्षण १९६८ पर्यंत टिकलें. आपल्याकडे १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा जाच खाडिलकरांच्या 'कीचकवधा'च्या बंदीमुळें (१९१०) वाचकांस ठाऊकच आहे.

तेव्हां हॉगर्थ हंसतो तो कोणास? नटींस हंसतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं; देवत्व आणि दारिद्र्य यांची सांगड त्यानें मोठ्या मौजेनें घातली आहे. पण ह्या सर्व जणी उद्यां पोटास मुकणार आहेत, हें जाहिरात वाचल्यावर तेंच हास्य घशांत अडकतें. म्हणून हें चित्र निव्वळ प्रहसन नव्हे. त्यांत करुणाचा अंश आहे, असें आमचें मत झालें.

आणखी एक गोष्ट. चित्राच्या तळाशीं 'पार्लमेंटच्या कायद्यान्वयें प्रसिद्ध' अशा आशयाची ओळ आहे. तो कायदा निराळा, १७३५ चा. कोरीव चित्रांच्या नकला करण्यास चौदा वर्षें बंदी करणारा, व स्वतः हॉगर्थनें खटपट करून मिळविलेला. एका कायद्याच्या आश्रयास राहून दुसऱ्याची ही विटंबना! मूळ तैलचित्र १८७४ च्या आगींत नष्ट झालें. आतां आधार काय तो ह्या ठशांचाच. आणि चौकटींत नीट बसावें म्हणून ज्या प्रतीची खालची पट्टी कापली, तिच्यांतून ही ओळही गेली.